घाटाला लागलेली

पुलाच्या ठेकेदाराला फक्त जागा हवी होती:
नाव नेमकी कुठं बसली आहे,
क्रेनचा आकडा कुठं टाकायचा.
मी म्हटलं, सोमवारी सांगतो.
आणि रविवारीच आलो, बाला घेऊन.
बचाव पथकाचं सिलिंडर
त्यानं मोटारसायकलवर मांडीत धरलं होतं,
पोर धरावं तसं.

चिचघाटावर कोणी नव्हतं.
पलीकडं वाळूत टरबुजाच्या वाड्या,
एक राखणदार, पाठमोरा.
बानं चप्पल काढली,
पाण्याला हात लावून कपाळाला लावला.
मीही. फिन्स नंतर चढवले.
दोर त्याच्या हातात.
एक हिसका: बरा आहे. दोन: ओढ.
याहून जास्त बोलणं
या डोहाबद्दल आमच्यात
सोळा वर्षांत झालेलं नाही.

एकतीस बाया होत्या, रोवणीच्या.
पलीकडच्या बांधीत चिखल तयार,
परे उपटून ठेवलेले.
बा वल्हवत होता.
त्याला पोहता येत होतं
म्हणून तो
हे वाक्य आमच्या घरात असंच,
इथंच थांबतं.

वर्षभर गावानं या डोहातली मासोळी खाल्ली नाही.
आम्ही ढिवर. आम्हीही नाही.
माय तलावातली मासोळी घेऊन बाजारात बसे,
तरी बाया टोपलीवर वाकून विचारत,
"कोन्या पान्यातली?"

तीन वाव खाली उजेड चहासारखा.
पाच वावांवर टॉर्च म्हणजे
नुसतं हातातलं वजन.
इथं पाय मारायचे नाहीत.
गाळ उठला की दिवसभर बसत नाही,
आणि हा गाळ निव्वळ गाळ नाही.
नागपूरच्या ट्रेनिंगात हे नव्हतं.
तिथं दाब, वेळ, हवा.

पत्रा हाताला लागला. शेवाळलेला, थंड.
नाव पालथी.
मी कडेशी थांबलो.
दारात उभं राहून आवाज द्यावा
तसं बोटाच्या पेरानं एकदाच
टक् केलं.

कडेखाली गाळात डबे.
वाकलो. हातमोजा काढला.
झाकणावर ठोकलेले ठिपके बोटाखाली आले:
रा, य, वं, ता,
पुढं आडनाव, पुढं लग्नाची तारीख.
कडी लागलेली.
मी उचलला नाही.
बोट काढलं तसा गाळ पुन्हा
अक्षरांवर बसू लागला, घाई न करता.

दुसऱ्यावर "स्मरणार्थ" होतं.
कोणाच्या तेराव्याला वाटलेला.
मेलेल्या माणसाचं नाव काखेत घेऊन
ती कामाला निघाली होती.

तिसरा वाचला नाही.

तेव्हा दिसलं, माझे बुडबुडे वर जात नाहीयेत.
नावेच्या पोटाशी साचताहेत,
पत्र्याला चिकटून, परातीएवढं
हलतं, चकचकीत काहीतरी.
दोन-चार श्वास पुरतील एवढी हवा.
मी बाजूला सरकलो.
आणलं काहीच नव्हतं, हे राहू दिलं.
सोळा वर्षं उशिरा.

दोन हिसके.
बानं ओढलं, थांबत थांबत.
वर आणताना घाई करायची नसते
हे त्याला सांगावं लागत नाही.

मी मास्क काढला तरी तो गप्प.
दोर गुंडाळला, चुकला, उलगडला,
परत गुंडाळला. मग नदीकडं बघत:
"कोन्या अंगाला कलली हाये?"

मी फिन्समधली वाळू झटकत होतो.
"कोन्याच नाही, बा. सरळ बसली हाये.
घाटाला लागल्यावानी."

सोमवारी जागा दाखवावीच लागेल.
नाव वर निघेल त्या दिवशी
बाला तालुक्याला पाठवीन, जाळ्याचा धागा आणायला.

त्यानं मान हलवली.
वाळूतली माझी चप्पल उचलून
माझ्या पायाशी ठेवली,
तोंड गावाकडं करून.